शिवरात्रीच्या घटातील अक्रोड

माघ वद्य चतुर्दशीची पहाट उजाडण्यापूर्वीच अंबरनाथला वालधुनीच्या काठी भाविकांची रांग लागलेली असते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख मिरविणारे ते शिलाहारकालीन शिवालय एरवी शिल्पांच्या अभ्यासकांचे. महाशिवरात्रीला मात्र ते पुन्हा साऱ्या पंचक्रोशीचे होते. मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे, उघड्या आकाशाखालच्या पिंडीवर पाणी घालावे, बेल वाहावा आणि ओल्या पावलांनी वर यावे, यासाठी कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडची माणसे तासन् तास उभी राहतात. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराच्या दारात तीच दाटी, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळेश्वराच्या यात्रेतही तीच. घरोघरी रताळी उकडलेली असतात, वऱ्याचे तांदूळ शिजत असतात, आणि कवठ फोडून त्यात गूळ कालविलेला असतो.

याच शहरांतील एखाद्या इमारतीत काश्मिरी पंडिताचे बिऱ्हाड असेल, तर त्या घरातील शिवरात्र अशी दिसत नाही. तेथे पिंडीपुढे रांग नाही, रताळी नाहीत, वरी नाही. देवघराच्या कोपऱ्यात, गवताच्या चुंबळींवर, पाण्याने भरलेले काही घट मांडलेले असतात. आणि त्या पाण्यात बुडालेले असतात अक्रोड. पाच-दहा नव्हेत, तर मोजून घातलेले शेकडो. आपण अक्रोड ओळखतो तो किराणा दुकानातील पुडीतला, सुका, फोडलेला, मुलांच्या हातावर ठेवण्याचा खाऊ म्हणून. हिमालयाच्या कुशीत राहणाऱ्या माणसांसाठी तो खाऊ नव्हे. तो त्यांच्या हिवाळ्याची शिदोरी आहे, आणि म्हणूनच तो त्यांच्या देवाचा प्रसाद आहे.

हेरथ, म्हणजे हराची रात्र

काश्मिरी पंडित महाशिवरात्रीला ‘हेरथ’ म्हणतात. ‘हररात्रि’ या शब्दाचे हे बोलीतील रूप असे सांगतात. त्यांचे महिने पौर्णिमेला संपणारे असल्याने आपला माघ वद्य पक्ष त्यांच्याकडे फाल्गुन कृष्ण पक्ष ठरतो. आणि मुख्य पूजा चतुर्दशीला न होता त्रयोदशीच्या रात्री होते. उत्सव मात्र एका रात्रीचा नाही. प्रतिपदेपासूनच घराची झाडलोट, सारवण, कपड्यांची धुणी सुरू होतात. दिवाळीच्या आधी आपल्या घरांत जी धांदल उडते, तीच तेथे बर्फ वितळण्याच्या सुमारास उडते.

त्रयोदशीच्या रात्री शिव-पार्वतीचा विवाह मांडला जातो. मोठा घट देवाचा, जोडीचा देवीचा, आणि भोवतीची लहानमोठी पात्रे भैरवांची, गणांची, वऱ्हाडातील पाहुण्यांची. देवांनाही भुईवर बसविलेले नसते. प्रत्येक घटाखाली वाळल्या गवताची वळलेली चुंबळ असते, आणि घटांच्या गळ्यात फुलांचे व लाल-पिवळ्या दोऱ्याचे हार असतात. या मांडणीला ‘वटुक’ म्हणतात. महादेवीने पाण्याने भरलेल्या घटात पाहिले, आणि त्या पाण्यातून वटुकभैरव प्रकटला, अशी परंपरेची कथा आहे. म्हणून येथे पाषाणाच्या मूर्तीपेक्षा पाण्याच्या घटाला मान अधिक. त्या घटात पाणी, थोडे दूध, खडीसाखर, फुले, आणि अक्रोड. घरातील कर्ता पुरुष दिवसभर उपवास करून रात्री उशिरापर्यंत पूजा सांगतो.

येथे आपल्या वाचकांना नवल वाटावे असा एक भेद आहे. आपल्याकडे महाशिवरात्र म्हणजे कडक उपवास. काश्मिरी घरांत मात्र पूजेनंतर मोठे भोजन असते, आणि अनेक कुळांत भैरवाला सामिष नैवेद्य दाखविण्याची चाल आहे. काही कुळे शाकाहारी नैवेद्यच करतात. कुळाचार ज्याचा त्याचा. परंतु सामिष असो वा निरामिष, अक्रोडावाचून कोणाचीच हेरथ पुरी होत नाही.

त्रयोदशीपासून अमावास्येपर्यंत घटातील पाणी बदलीत राहावयाचे. चतुर्दशीचा दिवस ‘सलाम’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी घरची वडील माणसे मुलांच्या हातावर खर्चाला पैसे ठेवतात, मंडळी कवड्यांचा खेळ मांडतात, आणि खोऱ्यातील जुन्या दिवसांत मुसलमान शेजारीही सणाची विचारपूस करावयास येत. वटुकाचे मातीचे घट घडविणारा कुंभारही बहुधा मुसलमानच असे. पूजा पंडिताची, चाक कुंभाराचे, आणि झाड दोघांच्याही अंगणातले, असा तो व्यवहार होता.

अमावास्येला या सोहळ्याची सांगता होते. काश्मिरी भाषेत अक्रोडाला ‘डून’ म्हणतात. म्हणून ही ‘डून्य मावस’, अक्रोडांची अमावास्या. कर्ता पुरुष घट घेऊन नदीच्या घाटावर जातो, पाणी व निर्माल्य वितस्तेत सोडतो, अक्रोड धुतो आणि परत येतो. तोवर घराचे दार आतून लावून घेतलेले असते. तो दार ठोठावतो. आतून प्रश्न येतो, कोण आहे, आणि काय आणले आहे? तो बाहेरूनच सांगतो की अन्न आणले, धन आणले, आरोग्य आणले, विद्या आणली. मग दार उघडते. भाद्रपदात गौर घरात घेताना, ती कशाच्या पावलांनी आली आणि काय घेऊन आली असे आपल्या बायका उंबरठ्यावर विचारतात, त्याची आठवण येथे कोणास होणार नाही? हजार कोसांचे अंतर, भाषा वेगळी, देवाचे रूप वेगळे. परंतु देवता बाहेरून घरात येते आणि येताना भरल्या हातांनी येते, हा विश्वास एकच.

त्यानंतर ओले अक्रोड फोडून तांदळाच्या पिठाच्या भाकरीबरोबर घरची मंडळी प्रसाद घेतात. मग लेकींच्या सासरी, आप्तांकडे, शेजाऱ्यांकडे अक्रोड पोहोचविले जातात. फाल्गुन शुद्ध अष्टमीला, म्हणजे तिळाष्टमीला, हे वाटप संपलेच पाहिजे असा दंडक आहे. देवाचा प्रसाद घरात साठवून ठेवावयाचा नसतो.

बर्फाच्या मुलुखातील शिदोरी

प्रसादाला अक्रोडच का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर परंपरा देते. अक्रोड फोडला की आतला गर दोन अर्धुकांचा, आणि प्रत्येक अर्धुकाला दोन पाकळ्या, असा चौदल निघतो. कोणी त्यात चार वेद पाहतात, कोणी चार पुरुषार्थ, कोणी चार दिशा. वर कठीण कवच आणि आत मेंदूसारख्या वळ्यांचा गर, म्हणून त्यास ब्रह्मांडाची उपमाही देतात. दुसरे उत्तर त्या भूमीचे आहे, आणि ते समजण्यासाठी काश्मीरचा हिवाळा डोळ्यांसमोर आणावा लागतो.

डिसेंबरच्या अखेरीपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ले कलान’ सुरू होतो. तळी गोठतात, वाटा बुजतात, शेतात हिरवे पान राहत नाही. अशा दिवसांत घरात काय आहे, एवढाच प्रश्न उरतो. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भोपळ्याच्या, वांग्याच्या, टोमॅटोच्या चकत्या, थोडे धान्य, आणि पोत्यात भरलेले अक्रोड. अक्रोडाच्या गरात सुमारे ६५ टक्के स्निग्धांश आणि १५ टक्के प्रथिने असतात. शंभर ग्रॅम गरातून साडेसहाशे उष्मांक मिळतात. तूप आणि डाळ एकाच कवचात बांधून ठेवावी, तसे हे फळ आहे. कवच फुटले नाही तर ते महिनोन् महिने टिकते. फुटले की मात्र त्याच्या तेलाला लवकर खवट वास येतो. चरकसंहितेतही बदाम-पिस्त्यांच्या पंगतीत ‘अक्षोट’ बसविलेला असून, ही फळे जड, उष्ण, स्निग्ध आणि बलवर्धक असल्याचे सांगितले आहे. आपला ‘अक्रोड’ हा शब्द त्याच ‘अक्षोटा’चा वंशज.

म्हणजे शिवरात्रीच्या सुमारास, हिवाळा सरत असताना, घरात जे उरलेले असते, ज्याने आजवर तारले, तेच त्या माणसांनी देवापुढे ठेवले. फुले नाहीत, ताजी फळे नाहीत. आहे ती शिदोरी. आणि ती सुकी न ठेवता पाण्यात घालून पुन्हा ओली केली. चार दिवस पाण्यात राहिलेला अक्रोड फोडून पाहावा. गर फुगून पांढराशुभ्र होतो, वरची तुरट साल नखाने सुटते आणि चव दुधाळ लागते. झाडावरून नुकत्याच उतरविलेल्या फळाचीच ती चव. बर्फाखाली झोपलेली सृष्टी जागी होण्याच्या वेळी सुकलेले फळ पुन्हा जिवंत करण्याची ही पूजा आहे, असे म्हटले तर ते अवास्तव होऊ नये.

आजोबा लावतात, नातवंडे खातात

अक्रोडाचे झाड हे घाई करणाऱ्या माणसाचे झाड नव्हे. बी रुजविल्यावर फळ धरावयास आठ-दहा वर्षे, क्वचित अधिकही लागतात, आणि ऐन बहरास येण्यास आणखी कितीतरी. परंतु एकदा स्थिरावले की ते पिढ्यान् पिढ्या फळ देते. म्हणून पर्वतात असे झाड लावणारा माणूस आपल्यासाठी लावीत नाही. आपल्या कोकणात फणसाबद्दल जे म्हटले जाते, तेच तेथे अक्रोडाबद्दल खरे आहे. काश्मीरमध्ये सरकारी परवानगीवाचून हे झाड तोडण्यास कायद्याने बंदी आहे. त्याच्या लाकडावरील कोरीव काम जगभर जाते, आणि ‘दंदासा’ म्हणून दात घासण्यासाठी विकली जाणारी साल याच झाडाची.

सप्टेंबरात फळ उतरवितात. पन्नास-साठ फूट उंच झाडांवर माणसे दोराशिवाय, शिडीशिवाय चढतात आणि लांब काठ्यांनी फांद्या झोडपतात. खाली बायका-मुले फळे वेचतात. वरची हिरवी साल काढताना तिचा रस हातांना लागतो, आणि ते काळे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. हंगामात कोणाचे तळहात पाहिले की त्याच्या घरी अक्रोड आहेत हे कळते. या हंगामाला दुःखाचीही एक किनार आहे. दर वर्षी फांदीवरून पाय निसटून काही जण प्राणास मुकतात, तर काहींचा पाठीचा कणा मोडून ते जन्माचे अंथरुणास खिळतात. ठेंगण्या कलमी झाडांची लागवड वाढावी असा प्रयत्न आता सुरू आहे, तो केवळ उत्पन्नासाठी नव्हे. माणसे वाचावीत म्हणूनही.

भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक अक्रोड जम्मू-काश्मीरमध्येच पिकतो. बोटांनी फुटणारा तो ‘कागदी’. मध्यम कवचाचा ‘बुर्झिल’. आणि दगडाशिवाय न फुटणारा तो ‘वोंट’. या झाडाला फुलण्यापूर्वी दीर्घ थंडी सोसावी लागते. त्यामुळे आपल्या सह्याद्रीत ते रुजत नाही, आणि मराठी सणांच्या ताटात अक्रोडाला जुने स्थान नाही.

उंबरठ्यावर फुटणारा अक्रोड

काश्मीरपुरतीच ही गोष्ट नाही. हिमाचल प्रदेशात मंडी, कुलू, कांगडा या भागांत आश्विन संक्रांतीला ‘सायर’ नावाचा सण असतो. नवे अक्रोड तेव्हा नुकतेच घरात आलेले असतात. मंडीकडे धाकटी माणसे दूर्वांबरोबर अक्रोड थोरांच्या हातात ठेवून पाया पडतात आणि आशीर्वाद घेतात. दसऱ्याला आपण आपट्याची पाने देतो, संक्रांतीला तिळगूळ. तसा तेथे अक्रोड. मुले त्याच दिवशी गोट्यांसारखा अक्रोडांचा खेळ मांडतात. कुलूकडे ‘सिड्डू’ नावाची वाफवलेली पोळी करतात, तिच्या पोटात अक्रोडाचे वाटण असते. आपल्या उकडीच्या मोदकाची ती पहाडी बहीणच म्हणावी.

नेपाळात तर अक्रोडाला रक्षकाचे काम दिले आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेला, आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी, तेथे ‘भाइटीका’ असते. बहीण भावाभोवती तेलाची आणि पाण्याची धार धरते, आणि दाराच्या उंबरठ्यावर अक्रोड ठेवून दगडाने फोडते. भावाच्या वाटेवरील विघ्ने आणि यमाची बाधा अशीच चिरडली जावी, हा त्यातला भाव. ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी वसाहतींच्या फाटकांवर नेपाळी पहारेकरी उभे असतात. भाऊबीजेच्या दिवशी आपल्या घरांत ओवाळणीची तबके फिरत असताना त्यांच्या बहिणी दूर डोंगरात कोणाच्या नावाने अक्रोड फोडीत असतील, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

प्राचीन रोमन लोकांनीही या फळाला आपल्या देवराजाचे, जोव्हचे फळ म्हटले. आजच्या शास्त्रीय नावातील ‘जुग्लान्स’ हा शब्द तेथूनच आलेला. काय योगायोग आहे पाहा: तिकडे ते देवांच्या राजाचे, इकडे देवाधिदेव महादेवाचे!

घर सुटले, घट सुटला नाही

१९९० च्या जानेवारीपासून काश्मीर खोऱ्यातील पंडितांची हजारो कुटुंबे घरेदारे सोडून निघाली. कोणी जम्मूच्या मुठी, पुरखू, मिश्रीवाला येथील छावण्यांत राहिले, कोणी दिल्लीस गेले, काही मुंबईच्या परिसरात आले. महाराष्ट्राने तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांत विस्थापित काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवल्या, आणि त्या निमित्ताने आलेल्या मुलांपैकी काहींनी येथेच नोकरी व संसार मांडले.

अंगणातील अक्रोडाचे झाड गाठोड्यात बांधून आणता येत नाही. ज्या आजोबांनी ते लावले त्यांचे नातू आता दुसऱ्याच हवेत वाढत होते. तंबूच्या फाटक्या कनातीत, एका खोलीच्या बिऱ्हाडात, पुढे उंच इमारतींतील सदनिकांत हेरथ आली तेव्हा काय करावयाचे? मातीचे घट मिळेनात, तेव्हा पितळेची, स्टीलची भांडी घटाच्या जागी बसली. वितस्ता नव्हती, तेव्हा स्वयंपाकघरातील नळाची धार वितस्ता मानली गेली. बर्फ तर नव्हताच. येथे शिवरात्रीला पंखा लावावा लागतो. अफगाण अंमलातील एका सुभेदाराने हेरथ भर उन्हाळ्यात करण्याचा हुकूम काढला, आणि त्या रात्रीही बर्फ पडले, अशी एक आख्यायिका काश्मिरी घरांत सांगतात. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. परंतु ऋतू पारखा झाला तरी देव येतो, हा तिचा अर्थ निर्वासित माणसांच्या किती उपयोगी पडला असेल!

सारे बदलले, एकच वस्तू बदलता आली नाही. घटात अक्रोडच हवा, आणि तोही कवचासह, न फुटलेला. येथे मुबलक मिळणारा नारळ किंवा सुपारी घालून भागले असते. ते भागविले गेले नाही. बाजारात आज कॅलिफोर्नियाचा आणि चिलीचा अक्रोडही येतो, तो दिसावयास मोठा व गोराही असतो. परंतु ज्या घराला आपल्या गावचे झाड आठवते, त्या घराने काश्मीरचाच अक्रोड धुंडाळीत वाण्यांची दुकाने पालथी घालावीत, हे समजण्यासारखे आहे. आणि तो अक्रोड आज झाडावरून उतरविणारा हात बहुधा खोऱ्यातील मुसलमान शेतकऱ्याचा असतो. पूजा करणारा आणि फळ उतरविणारा यांच्यामध्ये आता पर्वत, छावण्या आणि वर्षे उभी आहेत. तरीही दर माघात तो अक्रोड त्या घटात येऊन पडतो. तुटलेल्या दोऱ्यांपैकी हा एक दोरा अजून तुटलेला नाही.

महाराष्ट्राचे आणि काश्मीरचे नाते तसे फार जुने आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला, ‘संगीतरत्नाकर’ हा थोर ग्रंथ लिहिणारा शार्ङ्गदेव मूळच्या काश्मिरी घराण्यातील. त्याचा आजोबा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आला होता. काश्मीरच्या महादेव पर्वतावरील शिळेवर वसुगुप्ताला जी शिवसूत्रे लाभली असे परंपरा मानते, त्या शिवसूत्रांचा उल्लेख ज्ञानेश्वर महाराजांनी ‘अमृतानुभवा’त नाव घेऊन केला आहे. शिवाचे तत्त्वज्ञान त्या पर्वतातून सह्याद्रीत पूर्वीच उतरले होते. त्याचा प्रसाद आपल्या शेजारच्या दारी आता आला आहे, इतकेच.

आपला नारळ, आपले कवठ

अक्रोडाचा हा विधी वाचून तो परका वाटत असेल, तर आपल्याच देवघराकडे एकदा नव्या नजरेने पाहावे. तांब्याचा कलश, त्यात पाणी, पाण्यात सुपारी व नाणे, वर आंब्याचा डहाळा आणि त्यावर श्रीफळ. पाण्याचा घट आणि कठीण कवचाचे फळ, एवढेच ना? समुद्रकाठच्या माणसाने देवाला नारळ दिला, कारण त्याच नारळाने त्याला अन्न, तेल, दोर आणि छप्पर दिले होते. बर्फाच्या माणसाने अक्रोड दिला. महाशिवरात्रीला आपण फोडतो ते कवठ आणि ज्याची पाने वाहतो त्या बेलाचे फळ, ही दोन्हीही कठीण कवचाचीच. बाहेरून रुक्ष आणि आतून रसाळ अशा या भोळ्या देवाला अशीच फळे रुचावीत, यात नवल ते काय!

आणि आपल्या उपवासाच्या ताटातही पर्वत आहेच. वऱ्याचे तांदूळ येतात कोठून? जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर वारली, ठाकर, कोकणा, महादेव कोळी शेतकरी नाचणीबरोबर वरी पिकवितात. जेथे भाताला सपाट बांध घालता येत नाही तेथे ही पिके तग धरतात. त्यांच्यासाठी वरी हे उपवासाचे अन्न नाही. ते पोटभरीचे अन्न आहे. मुरबाड-शहापूरच्या रानातून कंद खणून आणणारी कातकरी बाई ज्या मुळांवर आपल्या मुलांचे अवघड दिवस काढते, तीच आपण एकादशीला व शिवरात्रीला पवित्र म्हणून खातो. एकाची शिदोरी ही दुसऱ्याचा प्रसाद होते. पर्वतात राहणाऱ्यांनी जे अन्न जगण्यासाठी जपले, ते सपाटीवरच्या आपण पुण्यासाठी घेतले. त्या अन्नाबरोबर ते जपणाऱ्यांची ओळखही ठेवावी, एवढे तरी ऋण आपण मानावयास हवे. उपवासाची वरी निवडताना मोखाड्याच्या उताराची, आणि अक्रोड फोडताना साठ फुटांवरच्या त्या फांदीची आठवण होणे, हीदेखील एक पूजाच आहे.

ज्या गृहिणींना हा पर्वतीय मेवा शिवरात्रीच्या फराळात घ्यावयाचा असेल, त्यांच्यासाठी काश्मिरी चालीची एक सोपी चटणी येथे देत आहोत. कवचासह आणलेले पंधरा-वीस अक्रोड फोडून गर रात्रभर पाण्यात भिजवावा. सकाळी पाणी टाकून द्यावे, साल सुटेल तेवढी काढावी. त्यात दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर जिरे व चवीपुरते सैंधव घालून पाट्यावर जाडसर वाटावे, आणि वाटीभर घट्ट दही फेटून त्यात कालवावे. वऱ्याच्या तांदळाबरोबर किंवा उकडलेल्या रताळ्याबरोबर ही चटणी उत्तम लागते. फोडलेला गर विकत घेण्यापेक्षा अखंड अक्रोड घ्यावा. तो खवट निघण्याची भीती कमी.

चार ओले अक्रोड

महाशिवरात्र होऊन जाते. अंबरनाथची यात्रा पांगते, वालधुनीकाठची दुकाने उठतात, आपल्या घरी पारणे होऊन नित्याचा वरणभात सुरू होतो. अमावास्येनंतर एखाद्या संध्याकाळी शेजारची काश्मिरी गृहिणी दार वाजवील आणि तबकातून चार ओले अक्रोड आपल्या हातावर ठेवील. वाचकहो, ते सुकविण्यासाठी खिडकीत ठेवू नयेत आणि खराब झाले समजून बाजूला तर मुळीच टाकू नयेत. देवाच्या विवाहात ते चार दिवस पाण्यात बसून आले आहेत. नारळ फोडतो तसा नमस्कार करून ते फोडावेत, घरातील साऱ्यांना एकेक पाकळी द्यावी, आणि रिकामे तबक परत पाठविण्याची आपली रीत नाही, म्हणून त्यात एक श्रीफळ ठेवावे.

त्या घरी हे श्रीफळ पोहोचेल तेव्हा तेथील वडीलधारी माणसे काय म्हणतील, हे कोणी सांगावे! परंतु ज्यांचे अंगण दूर राहिले त्यांच्या दारात कोणी फळ घेऊन येणे, हाही त्यांच्या सणाचाच एक भाग आहे. दार ठोठावले जाते, आतून विचारणा होते, आणि बाहेरचा माणूस सांगतो, मी अन्न आणले, आरोग्य आणले. त्या दिवशी बाहेर उभे राहण्याचे भाग्य आपले.